संगणकाची कीर्द दुसऱ्या जागी

१. ठोक बाजारातून येणारा प्रश्न

नागपूरच्या गांधीबागेतील कापडाच्या ठोक बाजारात बिले, जीएसटीची ई-इन्व्हॉइस, माल बाहेरगावी निघताना लागणारी ई-वे बिले आणि बँकेचे व्यवहार ही कामे आता संगणकावर होतात, आणि त्या संगणकांत एखादा अँटिव्हायरसही बहुधा असतो. सर्व संगणकांच्या सुरक्षाविषयक नोंदी एका मध्यवर्ती ठिकाणी पाठवाव्यात असे जेव्हा एखादा सल्लागार सुचवतो, तेव्हा दुकानदार जो पहिला प्रश्न विचारतो तो रास्तच असतो: अँटिव्हायरस आपले काम करतो, संगणक आपली नोंद ठेवतो, मग तीच नोंद पुन्हा दुसरीकडे पाठवण्याचा खटाटोप कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर व्यापाराच्या जुन्या रीतीतच सापडते. ज्या व्यापाऱ्याच्या दोन-तीन गाद्या असतात, त्याची प्रत्येक गादी आपली कीर्द लिहिते, म्हणजे दिवसभराचे व्यवहार घडले त्या क्रमाने उतरवते. परंतु हिशेब पक्का धरला जातो तो कीर्दीची नक्कल मुख्य पेढीवर पोचून तिथे खातेनिहाय खतावणी झाल्यावर. गादीवरील माणसाने गफलत केली, तर त्याच्या हाताशी असलेल्या कीर्दीचे पान फाटू शकते, पण पेढीवर गेलेल्या नकलेपर्यंत त्याचा हात पोचत नाही. शिवाय एकाच ग्राहकाने तिन्ही गाद्यांवर उधारी केली आहे, हे कोणत्याही एका गादीला कळत नाही, ते पेढीवरच उघड होते. सुरक्षा-नोंदी मध्यवर्ती ठिकाणी पाठवण्यामागे हीच दोन कारणे आहेत.

प्रथम दोन शब्द स्पष्ट केले पाहिजेत. जाळ्याच्या टोकाला असलेले, माणूस प्रत्यक्ष ज्यावर काम करतो किंवा ज्यावर माहिती साठवतो असे प्रत्येक यंत्र, मग तो बिलिंगचा संगणक असो, मालकाचा लॅपटॉप असो की आतल्या खोलीतला सर्व्हर असो, त्याला ‘एंडपॉइंट’ म्हणतात. त्या यंत्राने स्वतःविषयी आपोआप लिहून ठेवलेल्या कालबद्ध नोंदीला ‘लॉग’ म्हणतात.

२. संगणक स्वतःविषयी काय लिहितो

विंडोजवर चालणारा संगणक घटनांची नोंद क्रमांकासह करतो, आणि हे क्रमांक जगभर सारखेच असतात. कोणी यशस्वीपणे लॉगिन केले की ४६२४, चुकीच्या पासवर्डमुळे लॉगिन फसले की ४६२५, नवे खाते उघडले गेले की ४७२० आणि यंत्रावर नवी सेवा, म्हणजे पार्श्वभूमीवर सतत चालणारा प्रोग्राम, बसवली गेली की ७०४५ असे हे क्रमांक आहेत. विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस आपली वेगळी वही ठेवतो. त्यात १११६ म्हणजे घातक फाइल सापडली आणि ५००१ म्हणजे प्रत्यक्षवेळ संरक्षण बंद केले गेले.

यांतील एकेकटी नोंद फारसे काही सांगत नाही. सकाळी दुकान उघडताना एखाद्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड चुकतोच, त्यामुळे ४६२५ दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र रात्री २ वाजता पाच मिनिटांत चाळीस वेळा ४६२५, लगेच एकदा ४६२४, त्यानंतर ४७२० आणि शेवटी ५००१ अशी ओळ लागली, तर कोणीतरी पासवर्ड अंदाजाने शोधून आत शिरले, स्वतःसाठी खाते उघडले आणि पहारा बंद केला, असा अर्थ लावण्यास तज्ज्ञाची गरज उरत नाही.

येथे एक व्यावहारिक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. साध्या विंडोज संगणकावर सुरक्षा-नोंदींच्या वहीला मुळात २० एमबी एवढीच जागा नेमलेली असते, आणि ती भरली की सर्वांत जुन्या नोंदी पुसून त्यांच्या जागी नव्या लिहिल्या जातात. नोंदी भराभर होत असलेल्या यंत्रावर ही वही थोड्याच दिवसांत भरते, आणि घुसखोरी तर पुष्कळदा काही महिन्यांनी उघडकीस येते. तेव्हा कोणी मुद्दाम न पुसताही आवश्यक ते पान हाती लागत नाही.

३. जागच्या जागी ठेवलेल्या नोंदीचे काय होते

मुद्दाम पुसण्याचे प्रकरण अधिक गंभीर आहे, आणि त्याचे मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत येऊन गेले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. त्याचा उगम ‘एम. ई. डॉक’ या तेथील हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात होता. म्हणजे ज्या प्रकारच्या सॉफ्टवेअरवर गांधीबागेतील प्रत्येक पेढीचा विश्वास असतो, त्याच प्रकारच्या विश्वासू वाटेने तो आत शिरला. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहातील एपीएम टर्मिनल्स चालवत असलेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे टर्मिनलही विस्कळीत झाले. कंटेनरची नोंद ठेवणारी यंत्रणाच ठप्प झाल्यामुळे काम हाताने करण्याची वेळ आली. मर्स्कला पुढे सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये दाव्होस येथे सांगितले, आणि तिचे नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

या प्रकरणासाठी महत्त्वाची बाब नॉटपेट्याच्या रचनेत आहे. यंत्र निकामी करण्यापूर्वी विंडोजच्या ‘सेटअप’, ‘सिस्टीम’, ‘सिक्युरिटी’ आणि ‘अॅप्लिकेशन’ या चारही वह्या कोऱ्या करण्याची आज्ञा त्यात लिहिलेली होती, आणि त्यासाठी वापरलेले साधन विंडोजचेच, व्यवस्थापकांच्या सोयीसाठी दिलेले होते. त्यानंतर डिस्कच वाचता येईनाशी होत असे, म्हणजे पुरावा दोनदा नष्ट होत असे.

आदल्या वर्षीच्या बांगलादेश बँकेच्या प्रकरणात नोंदीशी केलेली लबाडी याहून सूक्ष्म होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील तिच्या खात्यातून सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलर हलवण्याचे ३५ आदेश स्विफ्ट या आंतरबँक संदेशयंत्रणेद्वारे दिले गेले, आणि त्यांतील ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोचले. बांगलादेश बँकेच्या यंत्रावर बसवलेला प्रोग्राम त्या व्यवहारांच्या नोंदी डेटाबेसमधून काढून टाकत होता आणि पुष्टीचे संदेश छापणाऱ्या प्रिंटरलाही खरे कागद छापू देत नव्हता. यंत्राची नोंद आणि यंत्राचा कागद, दोन्ही एकाच ताब्यात असल्यामुळे एकाच हाताने दोन्ही खोटे करता आले.

नोंद घडताक्षणी दुसऱ्या यंत्राकडे गेली असेल, तर पुसण्याचा हा उपाय फसतो. विंडोजमध्ये सुरक्षेची वही कोरी केली की ‘वही कोरी केली’ अशी ११०२ क्रमांकाची नोंद त्याच कोऱ्या वहीत पहिली म्हणून उमटते, आणि ती मध्यवर्ती ठिकाणी पोचली की आधीच्या नोंदी तिथे सुरक्षित असतातच, वर त्या पुसण्याचा प्रयत्न कोणत्या खात्याने केला हेही कळते. प्रामाणिक देखभालीत ही नोंद क्वचितच निर्माण होते, त्यामुळे इशाऱ्यासाठी ती फार उपयुक्त ठरते.

अर्थात नोंदी पाठवल्याने नॉटपेट्या थांबला असता असे मानणे चूक ठरेल. एखाद्या जाळ्यात तो काही मिनिटांत पसरत असे आणि नोंद वाचून हालचाल करण्याइतका अवधी देत नसे. पाठवलेल्या नोंदीचा उपयोग सावकाश चालणाऱ्या घुसखोरीत वेळीच सावध होण्यासाठी, आणि झपाट्याच्या हल्ल्यात तो कोणत्या यंत्रातून शिरला हे नंतर निश्चित करण्यासाठी आहे. अशा यंत्रणा विकणारे या दोहोंत बहुधा फरक करत नाहीत, म्हणून तो ग्राहकाला करावा लागतो.

४. नोंद प्रवास कशी करते

प्रत्येक संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवला जातो, त्याला ‘एजंट’ म्हणतात. तो वहीत नवी नोंद झाली की तिची नक्कल उचलतो, सांकेतिक स्वरूपात बदलतो आणि केंद्राकडे पाठवतो. ‘वाझू’ हे मोफत व मुक्तस्रोत साधन असाच एजंट वापरते. दुसरी रीत अशी की सर्व संगणकांवरील अँटिव्हायरस आधी आपल्या स्वतःच्या नियंत्रण-पटलाला, म्हणजे कन्सोलला, अहवाल देतात आणि तो कन्सोल एकत्रित नोंदी पुढे पाठवतो. कैलास व संजय काटकर या बंधूंनी पुण्यात उभारलेल्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचा ‘सेक्राइट’ हा व्यावसायिक संस्थांसाठीचा गट कन्सोलवरून चालणारी अशी उत्पादने देतो.

कन्सोलपासून केंद्रापर्यंतच्या वाटेवर बहुधा ‘सिस्लॉग’ नावाची पद्धत भेटते. १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी ती ‘सेंडमेल’ या टपाल-प्रोग्रामच्या सोयीसाठी तयार केली, आणि साधेपणामुळे ती इतकी पसरली की आजचे राउटर, फायरवॉल आणि अँटिव्हायरस कन्सोल तीच बोली बोलतात. सिस्लॉगच्या प्रत्येक संदेशाच्या आरंभी एक अंक असतो आणि त्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: नोंद कोणत्या विभागाची आहे आणि ती किती गंभीर आहे. विभागाच्या क्रमांकाला ८ ने गुणून त्यात गांभीर्याचा क्रमांक मिळवतात. संदेशावर ३४ हा अंक असेल, तर ३४ ला ८ ने भागल्यावर भागाकार ४ आणि बाकी २ उरते; ४ हा ओळख व परवानगीशी संबंधित सुरक्षेचा विभाग आहे आणि २ म्हणजे अतिगंभीर. गांभीर्याची मोजणी उलटी असते, ० म्हणजे आणीबाणी आणि ७ म्हणजे केवळ प्रोग्रामरच्या उपयोगाची माहिती.

मूळ सिस्लॉगमध्ये दोन उणिवा होत्या, आणि स्वस्तात बसवलेल्या यंत्रणांत त्या आजही आढळतात. ५१४ क्रमांकाच्या दारातून (पोर्टमधून) यूडीपी पद्धतीने जाणारा संदेश पोचला की वाटेत हरवला याची पोच पाठवणाऱ्याला मिळत नाही, आणि तो उघड्या मजकुरात असल्याने वाटेत वाचला वा बदलला जाऊ शकतो. म्हणून ६५१४ या दारातून टीएलएस पद्धतीने, म्हणजे बँकेच्या संकेतस्थळाला जी कुलूपबंद वाट वापरली जाते त्याच वाटेने, नोंदी पाठवण्याची रीत २००९ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली. इंटरनेट काही काळ बंद पडले, तर एजंटने त्या अवधीतील नोंदी जवळ राखून ठेवल्या पाहिजेत आणि जोडणी परत आल्यावर मूळ वेळेसह पाठवल्या पाहिजेत.

याहून महत्त्वाचा, आणि प्रत्यक्षात सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा नियम असा की संगणकाला केंद्राकडे नोंद पाठवण्याची मुभा असावी, पण तिथली नोंद बदलण्याची वा पुसण्याची नसावी. दुकानातील सर्व संगणकांचा आणि केंद्राचा व्यवस्थापकीय पासवर्ड एकच ठेवला, तर गादीवरच्या माणसाकडेच पेढीच्या तिजोरीची किल्ली दिल्यासारखे होते, आणि मग पाठवण्यावर केलेला सारा खर्च वाया जातो.

५. घड्याळांचा मेळ

निरनिराळ्या यंत्रांच्या नोंदी क्रमाने लावायच्या असतील, तर त्यांची घड्याळे जुळली पाहिजेत. फायरवॉल पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळ लिहितो आणि दुकानातील संगणक भारतीय वेळ. फायरवॉलमधील ०५:४० आणि संगणकातील ११:१० हे दोन वेगळे प्रसंग नसून एकच क्षण असतो, कारण भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे. त्यात जुन्या संगणकाचे घड्याळ चालू ठेवणारा सीमॉस सेल संपला असेल, तर त्याची नोंद भलत्याच वर्षाची निघते. यावर उपाय म्हणून एनटीपी या पद्धतीने यंत्रे ठरावीक वेळ-सर्व्हरशी आपले घड्याळ जुळवून घेतात. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांचे असे सर्व्हर आहेत.

६. खतावणी

केंद्रात जे सॉफ्टवेअर या नोंदी स्वीकारते त्याच्या प्रकाराला एसआयईएम म्हणतात. गार्टनर या सल्लागार संस्थेच्या विश्लेषकांनी हे नाव २००५ मध्ये रूढ केले. त्याचे पहिले काम म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांच्या तऱ्हेतऱ्हेच्या लिखाणातून वेळ, यंत्र, खाते, पत्ता आणि कृती हे समान रकाने वेगळे काढणे. हे झाले की एकच खाते पाच संगणकांवर काय करत होते ते एका ओळीत पाहता येते.

दुसरे काम नोंदींची परस्परांशी सांगड घालणे. समजा एका पेढीच्या सहा संगणकांवर एकाच बाहेरच्या पत्त्यावरून प्रत्येकी तीन वेळा पासवर्ड चुकवला गेला. पाच चुकांनंतर इशारा द्यावा असा नियम प्रत्येक संगणकावर असेल, तर एकही संगणक तक्रार करणार नाही. केंद्रात मात्र एका पत्त्याच्या खात्यावर अठरा चुका जमा झालेल्या दिसतील.

दोन नोंदी शेजारी ठेवण्याचे मोल किती असते, हे पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील ऑगस्ट २०१८ च्या हल्ल्यावरून समजते. हा हल्ला दुकानाच्या संगणकावरील नसून बँकेच्या सर्व्हरवरील होता, परंतु त्यातील तत्त्व तेच आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की पैशांची मागणी ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेकडे जाते, ती बँकेच्या मूळ खातेप्रणालीला शिल्लक विचारते आणि होकार आल्यावर पैसे बाहेर पडतात. हल्लेखोरांनी मध्येच एक बनावट स्विच उभा केला. तो खातेप्रणालीला न विचारताच होकार देत होता. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत २८ देशांतील एटीएममधून व्हिसा कार्डांच्या सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये, आणि भारतात रुपे कार्डांच्या सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्टमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख रुपये झाली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले.

येथे प्रत्येक वही स्वतःपुरती सुसंगत दिसू शकते. पैसे देणाऱ्या बाजूला होकार मिळालेला असतो, आणि खातेप्रणालीकडे प्रश्नच आला नसल्यामुळे तिच्यात काही वावगे नसते. होकारांची संख्या आणि खात्यांतून वजा झालेल्या रकमांची संख्या दर काही मिनिटांनी ताडून पाहणाऱ्या तिसऱ्या जागीच हा फरक दिसतो. मध्यवर्ती देखरेखीचा नियम लिहिणाऱ्याने म्हणूनच संशयास्पद नोंद शोधण्याइतकेच जिची जोड नाही अशी नोंद शोधण्याकडेही लक्ष द्यावे लागते.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट ऑक्टोबर २०१८ मध्ये, आणि चार स्तरांची श्रेणीबद्ध चौकट ३१ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर केली. बँक जितकी अधिक डिजिटल सेवा देते आणि देयक-प्रणालींशी जितकी थेट जोडलेली असते, तितका तिचा स्तर वरचा, आणि चौथ्या स्तरावरील बँकेला सायबर सुरक्षा देखरेख केंद्र उभारणे बंधनकारक आहे. लहान बँकेवर मोठ्या बँकेचा खर्च न लादणारी ही विभागणी व्यापाऱ्यांनीही आपल्यापुरती लावून पाहण्यासारखी आहे.

७. किती, किती दिवस आणि वाचणार कोण

नोंदींचा पसारा अंदाजाने मोजता येतो. समजा ३० संगणक आहेत, प्रत्येक संगणक दिवसाला ५,००० नोंदी पाठवतो आणि एक नोंद सरासरी ५०० बाइटची आहे. तर दिवसाच्या दीड लाख नोंदी आणि साठवण ७५ एमबी होते, म्हणजे १८० दिवसांची साडेतेरा जीबी, जी आजच्या पेनड्राइव्हवरही मावेल. साठवण हा अडसर नाही, हे यावरून दिसते. तज्ज्ञ माणसाचा वेळ हा खरा खर्च आहे.

१८० दिवसांचा आकडा येथे सहज घेतलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी मागील १८० दिवसांच्या सतत उपलब्ध ठेवाव्या लागतात, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि घड्याळे जुळवून ठेवावी लागतात. हे निर्देश सरकारी संस्था, सेवापुरवठादार आणि ‘बॉडी कॉर्पोरेट’ यांना उद्देशून आहेत. आणि त्याच कायद्याच्या कलम ४३-अ मधील ‘बॉडी कॉर्पोरेट’च्या व्याख्येत भागीदारी पेढी व एकल मालकीचा व्यवसायही येतो, त्यामुळे हा विषय फक्त नागपूरच्या मिहान प्रकल्पातील आयटी कंपन्यांचा आहे असे समजून चालत नाही. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या नोंदीचे ‘हॅश’ नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ती पूर्णपणे बदलते.

वाचणाऱ्या माणसाचा विचार करता पाच-सात संगणकांच्या दुकानाने संपूर्ण एसआयईएम विकत घेणे हा अपव्यय आहे. सर्व संगणक अँटिव्हायरसच्या एका कन्सोलवर आणावेत आणि त्यांतून मोजकेच प्रकार पुढे पाठवावेत: घातक फाइल सापडणे, संरक्षण बंद होणे, व्यवस्थापकीय खात्याचे फसलेले लॉगिन, नवे खाते, नवी सेवा, दुकान बंद असताना झालेले दूरस्थ लॉगिन आणि नोंदवही पुसली जाणे. हे इशारे मालकाच्या आणि संगणकाची देखभाल करणाऱ्याच्या अशा दोघांच्या फोनवर जावेत, कारण एकट्या देखभालवाल्याकडे गेल्यास त्याच्या स्वतःच्या कृतीवर कोणाचीच नजर राहत नाही. सारेच पाठवले की रोज शेकडो निरर्थक इशारे येऊ लागतात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते न उघडता पुसण्याची सवय लागते. यापेक्षा मोठ्या पसाऱ्याच्या संस्थेने देखरेखीची सेवा बाहेरून घ्यावी. तेव्हा रात्री आलेला इशारा कोण, किती मिनिटांत पाहील आणि कोणाला उठवील, हे करारात लिहून घ्यावे. या नोंदींत कर्मचारी केव्हा आले, त्यांनी काय उघडले हेही उमटत असते, म्हणून त्या पाहण्याचा अधिकार कोणाला आहे ते ठरवावे आणि कर्मचाऱ्यांना तसे सांगावे.

यंत्रणा बसवून झाल्यावर दोन चाचण्या कराव्यात. अँटिव्हायरस तपासण्यासाठी ‘आयकार’ नावाची ६८ बाइटची निरुपद्रवी फाइल जगभर मान्य आहे. ती एका संगणकावर ठेवली की अँटिव्हायरसने तिला पकडले पाहिजे आणि तो इशारा फोनपर्यंत किती वेळात पोचतो ते मोजता आले पाहिजे. दुसऱ्या चाचणीत एका चालू संगणकाची नेटवर्क केबल तासभर काढून ठेवावी. त्या अवधीत ‘अमुक यंत्राकडून नोंदी येणे थांबले’ असा इशारा केंद्राने स्वतःहून दिला नाही, तर हल्लेखोराने एजंट बंद केल्यावरही तो मिळणार नाही. आणि केबल जोडल्यावर मधल्या तासाच्या नोंदी त्यांच्या मूळ वेळेसह आल्या नाहीत, तर एजंटची राखीव साठवण चालू करून हीच चाचणी पुन्हा करावी.